साखरेच्या बेटावरील हिरवळ

एकपिकी अर्थव्यवस्थेचे उदाहरण म्हणून अर्थशास्त्राच्या वर्गांतून पिढ्यान् पिढ्या मॉरिशसचे नाव घेतले गेले. हिंदी महासागरातील हे बेट जेमतेम १,८६५ चौरस किलोमीटरचे, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. १२ मार्च १९६८ रोजी ते स्वतंत्र झाले, तेव्हा त्याच्या निर्यातीच्या उत्पन्नापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पन्न एकट्या साखरेचे होते. आज त्याच बेटावर दहाहून अधिक गोल्फची मैदाने आहेत, आणि त्यांपैकी कित्येक कालपरवापर्यंत ऊस उभा असलेल्या जमिनीवर पसरली आहेत. उसाच्या जागी हिरवळ आली, एवढेच हे स्थित्यंतर नाही. जमीन कोणाची, पाणी कोणाचे आणि देशाच्या प्रगतीचा नफा कोणाच्या खाती जमा व्हावा, हे जुनेच प्रश्न त्याने नव्या रूपात उभे केले आहेत.

गोल्फ मॉरिशसला नवा नाही. वाक्वा येथील जिमखाना क्लबचे मैदान ब्रिटिश अमदानीतले, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या विरंगुळ्यासाठी झालेले. परंतु पाहुण्यांसाठी मैदान बांधणे हा उद्योग गेल्या तीन-चार दशकांतला. पूर्व किनाऱ्यावर बेल मार येथे १९९४ साली मैदान झाले. इल ओ सेर्फ या चिमुकल्या उपबेटावर जर्मन खेळाडू बेर्नहार्ड लांगर यांनी आखलेले मैदान २००३ साली सुरू झाले. पुढे दक्षिणेस बेल ओम्ब्र आणि पूर्वेस अनाहिता अशी मालिकाच लागली. २०१५ पासून तेथे आंतरराष्ट्रीय स्पर्धाही भरू लागली.

हे सारे एखाद्या मंत्र्याच्या लहरीतून घडले, असे मानणे अन्यायाचे होईल. १९७५ च्या लोमे करारान्वये युरोप मॉरिशसची वर्षाला सुमारे ४ लाख ८७ हजार टन साखर जागतिक बाजारापेक्षा पुष्कळ चढ्या भावाने घेत असे. २००६ पासून युरोपने हा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरविला आणि २००९ मध्ये ती व्यवस्थाच संपली. एकेकाळी सहा-सात लाख टनांपर्यंत जाणारे साखरेचे उत्पादन अलीकडे अडीच लाख टनांच्या आसपास आले आहे. मळेवाल्यांच्या जमिनी पडून राहणार, परकीय चलन आटणार, हे उघड दिसत असताना सरकारने हात बांधून बसावयाचे काय? २००२ साली एक योजना निघाली. तिच्यानुसार परदेशी नागरिकाला किमान पाच लाख डॉलर मोजून बंगला घेता येऊ लागला आणि त्याबरोबर वास्तव्याचा परवानाही मिळू लागला. पुढे ही मर्यादा खाली आणण्यात आली. असा बंगला रित्या माळावर खपत नाही. त्याच्या खिडकीसमोर हिरवळ लागते. तेव्हा गोल्फचे मैदान हे निव्वळ क्रीडांगण नव्हे. मैदानाचा खर्च खेळाच्या शुल्कातून निघो वा न निघो, भोवतालच्या जमिनीचा चढलेला भाव तो भरून काढतो. या व्यवसायाचे खरे अर्थशास्त्र येथे आहे.

म्हणूनच हा चढलेला भाव कोणाच्या पदरी पडतो, हे पाहिले पाहिजे. या जमिनींचा इतिहास आपल्याला परका नाही. १८३४ नंतर साडेचार लाखांच्या आसपास हिंदी मजूर गिरमिटावर या बेटावर उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले, रत्नागिरीकडचे मराठी कष्टकरीही होते. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी शिकतात, गणेशोत्सव करतात. ज्वालामुखीच्या त्या खडकाळ जमिनीतील धोंडे हातांनी वेचून त्यांनी रचलेले ढीग उसाच्या फडांमध्ये अजून उभे आहेत. जमीन लागवडीला आणली ती या हातांनी. मालकी मात्र मोजक्या मळेवाल्या घराण्यांकडे राहिली. साखरेचे दिवस पालटल्यावर २००१ पासून हजारो कामगारांना स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली. रोख रक्कम आणि घरापुरता सुमारे सात पर्च, म्हणजे आपल्या हिशेबाने जेमतेम तीन गुंठे, जमिनीचा तुकडा त्यांना मिळाला. एका अठरा होलच्या मैदानाला पन्नास-साठ हेक्टर सहज लागतात. तीन गुंठ्यांचा धनी त्याच मैदानावर माळी म्हणून राहिला तर त्याला रोजगार मिळाला असे म्हणता येईल. परंतु जमिनीच्या वाढलेल्या किमतीत त्याचा वाटा किती, या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. मॉरिशसचा पाऊस मुख्यतः मधल्या पठारावर पडतो. पश्चिम किनारा कोरडा आहे. पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत धरणे खाली जातात आणि अनेक वस्त्यांत नळाला ठराविक तासच पाणी येते. येथे शाळकरी गणित पुरे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी द्यावयाचे तर दहा हजार लिटर लागते. पंचवीस हेक्टर हिरवळीला कोरड्या दिवसांत रोज चार मिलिमीटर दिले, तर ते दहा लाख लिटर होते. माणशी दोनशे लिटर धरले, तरी पाच हजार माणसांचे ते पाणी आहे. ऊसही पाणी पितो, असे यावर म्हटले जाते आणि ते खरे आहे. पण उसाच्या चिपाडातून वीज होते, आणि लहान शेतकऱ्याचाही त्यात हिस्सा असतो. शुद्ध केलेले सांडपाणी आणि खारे पाणी सोसणारे गवत वापरता येते, हाही युक्तिवाद रास्त आहे. मग ते वापरणे ही परवान्याची अट असावी. मालकाच्या सदिच्छेचा तो विषय असू नये.

तिसरा प्रश्न किनाऱ्याचा. भरतीरेषेपासून सुमारे ८१ मीटर रुंदीचा पट्टा तेथे फ्रेंच काळापासून सरकारी मालकीचा आहे. पण त्याचा मोठा भाग हॉटेले आणि बंगले यांना भाडेपट्ट्याने दिलेला आहे. पुळण कायद्याने सर्वांची. परंतु तेथवर जाणारी वाट कुंपणाआड गेली तर त्या हक्काला अर्थ उरत नाही. नैर्ऋत्येच्या ल मॉर्न पर्वताचा आसरा पळून आलेल्या गुलामांनी घेतला होता. २००८ मध्ये तो जागतिक वारसा ठरला. त्याच्या पायथ्याशीही आज गोल्फची हिरवळ आहे. या विसंगतीवर वेगळे भाष्य नको.

मॉरिशसची कर्तबगारी नाकारण्याचा येथे हेतू नाही. १९६१ साली प्रा. जेम्स मीड यांनी आपल्या अहवालात या बेटाच्या भवितव्याविषयी गंभीर चिंता व्यक्त केली होती. वाढती लोकसंख्या आणि एकच पीक यांचा मेळ कसा बसणार, ही त्यांची काळजी होती. देशाने ती खोटी ठरविली. १९७० पासून निर्यातीसाठी कारखाने काढले, शिक्षण व आरोग्यसेवा मोफत दिली, लोकशाही टिकविली. पण एका पिकावरचे अवलंबन सोडून एका गिऱ्हाइकावरचे पत्करले, तर धोका टळत नाही, तो फक्त जागा बदलतो. २०१९ मध्ये सुमारे १२ लाख ६० हजार वस्तीच्या या देशात १३ लाख ८३ हजार पाहुणे आले. मार्च २०२० मध्ये साथीमुळे सीमा बंद झाल्या. त्या पूर्णपणे उघडल्या १ ऑक्टोबर २०२१ रोजी. साखर निदान गोदामात ठेवता येते. हॉटेलातील रिकामी रात्र साठवून उद्या विकता येत नाही.

आपण हे दुरून पाहून सोडून देण्यासारखे नाही. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या गोव्याच्या तेरेखोल गावात गोल्फचे मैदान व हॉटेल उभारण्याच्या प्रस्तावावरून गेल्या दशकात कुळांच्या हक्काचा वाद न्यायालयापर्यंत गेला. किनारा तोच, प्रश्नही तोच.

गोल्फ खेळणारा पाहुणा नको, असे कोणी म्हणू नये. तो येतो, चांगला खर्च करतो आणि हंगाम सोडूनही येतो. परंतु त्याने आणि त्याच्या यजमानाने पूर्ण किंमत मोजली पाहिजे. शेतीची जमीन बंगल्यांसाठी वळविली की भाव चढतो तो मालकाच्या श्रमाने नव्हे. रस्ता, वीज, विमानतळ आणि कायदा समाजाने पुरविला म्हणून तो चढतो. त्या वाढीवरील कर माफ करणे म्हणजे श्रीमंताला सार्वजनिक तिजोरीतून दिलेले अनुदानच होय. हा कर पूर्ण वसूल व्हावा, पाण्याचा दर टंचाईच्या काळात चढता असावा आणि समुद्राकडे जाणारी वाट परवान्यातच नोंदलेली असावी. एवढे झाले म्हणजे मैदान राखणे परवडते की नाही, हे मालकांनी खुशाल ठरवावे. या अटींवरही जी हिरवळ टिकेल ती टिकू द्यावी. जी टिकणार नाही, तिची किंमत आजवर दुसरेच कोणीतरी भरत होते, असे समजावे.