जखमी सायकलस्वाराचा हक्क अडतो तो कागदापाशी

नवी दिल्ली : धडक देऊन पळून गेलेल्या वाहनांमुळे 2022 या एका वर्षात देशात 67,387 अपघात घडल्याची सरकारी नोंद आहे. अशा अपघातांतील बळींसाठी केंद्राची स्वतंत्र भरपाई योजना आहे. तिच्याकडे 2022-23 या आर्थिक वर्षात आलेले अर्ज होते अवघे 205. त्यांपैकी 95 निकाली निघाले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये या तफावतीवर बोट ठेवले, त्याला आता बराच काळ लोटला आहे. तरीही रस्त्यावरच्या सर्वांत दुबळ्या वाहनधारकाला, म्हणजे सायकलस्वाराला, आपल्यासाठी काही तरतूद आहे याची कल्पना क्वचितच असते.

त्याच वर्षी देशभरात 4,800 हून अधिक सायकलस्वारांनी रस्त्यांवर प्राण गमावले. यात व्यायामासाठी पहाटे निघणारे हौशी असतात, तसेच दूध आणि वर्तमानपत्रे पोहोचवणारे, रात्रपाळीहून परतणारे पहारेकरी, बांधकामावर जाणारे मजूर आणि शाळकरी मुलेही असतात. सायकलीला परवाना लागत नाही, तिचा विमाही नसतो. त्यामुळे ‘आपल्याला कोण भरपाई देणार’ ही समजूत खोलवर रुजली आहे. ती चुकीची आहे. मोटार वाहन कायद्यानुसार विमा धडक देणाऱ्या वाहनाचा पाहिला जातो. सायकलस्वार हा त्या विम्याच्या दृष्टीने त्रयस्थ पक्ष असतो आणि त्रयस्थ पक्षाचा विमा प्रत्येक मोटार वाहनाला सक्तीचा आहे.

दाव्याचे मार्ग मुख्यतः दोन आहेत. कलम 164 खाली वाहनचालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही; मृत्यू झाल्यास 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये ही रक्कम ठरलेली आहे. कलम 166 खाली निष्काळजीपणा दाखवावा लागतो, मात्र रकमेला कमाल मर्यादा नाही. उपचार, बुडालेली कमाई, कायमचे अपंगत्व, वेदना या सर्वांचा हिशेब तेथे होतो. दावा अपघातस्थळीच दाखल करावा असे बंधन नाही. अर्जदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो, तेथील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही तो करता येतो. सुरतेत किंवा बंगळुरूत काम करताना जखमी होऊन साताऱ्याच्या घरी परतलेल्या कामगारासाठी ही तरतूद फार मोलाची आहे.

मुदतीचा प्रश्न नाजूक आहे. 1994 च्या दुरुस्तीने काढून टाकलेली कालमर्यादा 2019 च्या दुरुस्तीने पुन्हा आणली आणि 1 एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांत दावा करणे बंधनकारक झाले. हाड सांधायलाच कित्येकदा तेवढा काळ जातो. या अटीला आव्हान देण्यात आले असून, मुदत उलटल्याच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला. आदेश अंतरिम आहे, हे विसरून चालणार नाही. सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करणे हाच शहाणपणा.

खरी अडचण मात्र कायद्याच्या पुस्तकात नाही. ती अपघातानंतरच्या पहिल्या काही तासांत आहे. वाहनाचा क्रमांक कोणी टिपून घेत नाही. मोडकी सायकल पंचनाम्याआधीच उचलली जाते. रुग्णालयाच्या नोंदीत ‘रस्ते अपघात’ ऐवजी ‘सायकलवरून पडून’ असे लिहिले जाते आणि पुढे विमा कंपनीचा वकील नेमके त्याच दोन शब्दांवर बोट ठेवतो. वाहनमालक घटनास्थळी हजार-दोन हजार रुपये हातावर ठेवतो, जखमी ते घेतो, एफआयआर होतच नाही. 2022 च्या नियमांनुसार पोलिसांनी 48 तासांत पहिला अपघात अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. हा अहवालच दावा म्हणून स्वीकारता येतो. पण घटना ठाण्यापर्यंत पोहोचलीच नाही, तर ही चांगली व्यवस्था सुरूच होत नाही.

भरपाईची रक्कमही कागदांवरच ठरते. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार खटल्यात 2010 मध्ये स्पष्ट केले की, डॉक्टरने दिलेली अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे कमाईतील घट नव्हे. हात गमावलेला सुतार आणि हात गमावलेला कारकून यांचे शारीरिक नुकसान सारखे असेल, आर्थिक नुकसान सारखे नसते. सायकलवर पोट असणाऱ्याच्या बाबतीत हा मुद्दा निर्णायक ठरतो, कारण पायाची हालचाल मर्यादित झाली तर त्याचा धंदाच बसतो. तो सिद्ध करायला दूध डेअरीची पावती, ठेकेदाराचे हजेरीपत्रक, बँकेच्या खात्यातील नोंदी उपयोगी पडतात. काहीच नसेल तर न्यायाधिकरणे बहुधा किमान वेतनाचा आधार घेतात, आणि प्रत्यक्ष कमाई त्याहून जास्त असली तर तेवढा तोटा कायमचा सोसावा लागतो.

सायकलस्वाराची स्वतःची चूकही मोजली जाते. बृहन्मुंबई महानगरपालिकेशी संबंधित 2003 च्या प्रकरणात वाहतूक नियम मोडणाऱ्या सायकलस्वाराच्या मृत्यूबद्दलच्या भरपाईतून सर्वोच्च न्यायालयाने काही भाग वजा केला होता. उलट दिशेने सायकल चालवणे, अंधारात दिवा किंवा परावर्तक नसणे, यांचा परिणाम जिवावर होतो तसाच दाव्यावरही. हेल्मेटची सक्ती मोटार वाहन कायद्यात मोटारसायकलसाठी आहे, सायकलसाठी नाही. ते घालावे, पण नव्हते म्हणून हक्क संपत नाही. विजेच्या सायकलींबाबत सावधगिरी हवी. 250 वॉटपेक्षा कमी शक्तीची मोटार आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतला वेग असेल, तर ती मोटार वाहन मानली जात नाही. वेग वाढवून घेतलेली सायकल मात्र कायद्याच्या नजरेत विनापरवाना, विनाविमा वाहन ठरू शकते.

वाहन सापडलेच नाही, तर आरंभी उल्लेखलेली योजना लागू होते. मृत्यू झाल्यास 2 लाख, गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपये. हाड मोडणे हे कायद्याने ‘गंभीर दुखापती’त मोडते, त्यामुळे मनगट फ्रॅक्चर झालेला सायकलस्वारही पात्र आहे. अर्ज न्यायालयात नव्हे, तर महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा असतो. या योजनेची माहिती जखमींना देण्याची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांवर टाकली आहे. उपचारांसाठी मे 2025 पासून वेगळी सोय आहे : मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातात नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. वकिलाची फी परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 या क्रमांकावर विचारणा करता येते.

खड्ड्यात सायकल अडकून पडलेल्यासमोर धडक देणारे वाहनच नसते. अशांसाठी न्यायाधिकरणाचा मार्ग बंद असतो. महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये ही पोकळी काही अंशी भरली. खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास 6 लाख, तर जखमींना दुखापतीच्या स्वरूपानुसार 50 हजार ते अडीच लाख रुपये देण्याचे आदेश न्यायालयाने दिले आणि दोषी अधिकारी व ठेकेदारांकडून ही रक्कम वसूल करण्याची मुभा ठेवली.

अपघात टाळण्याच्या उपायांकडे पाहतानाही हाच धागा हाती येतो. सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्याने डिसेंबर 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, पण सायकल मार्गांवरील वाहनतळ, टपऱ्या आणि मध्येच तुटणारे पट्टे पुणेकरांना नवे नाहीत. मार्ग जेथे तुटतो, तेथे सायकलस्वार थेट बस आणि डंपर यांच्या रांगेत येतो. सदोष रस्त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास रस्ता बांधणाऱ्या यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड करणारे कलम 198 अ याच कायद्यात आहे. त्याचा वापर व्हायचा, तर अपघात कोठे झाला, त्या ठिकाणी मार्ग तुटला होता का, दिवे बंद होते का, याची नोंद पोलिसांच्या सविस्तर अहवालात यावी लागते; केवळ चालकाची निष्काळजी नोंदवून तो पूर्ण होऊ नये.