'अवलंबित' म्हणजे नेमकी कोण?

२०२५ च्या सप्टेंबर अखेरीची गोष्ट. आमच्या गटाची कळंबला बैठक होती. हंगाम तोंडावर आलेला, त्यामुळे विषय होता ऊसतोडीच्या उचलीचा. मध्येच एक जुनी मैत्रीण म्हणाली, "ताई, ते ट्रंपचं काय झालंय? आमच्या जावयाला माघारी धाडतात का काय?" मग उचल राहिली बाजूला. कर्ज किती, घराचे हप्ते किती, जावयाच्या कंपनीचं काय, अर्धा तास तेवढंच. बैठक संपल्यावर माझ्या ध्यानात आलं की तिची मुलगी पुण्याहून बी.ई. झालेली आहे, लग्नाआधी नोकरी करत होती आणि गेली तीन वर्षं अमेरिकेत घरी बसून आहे. तिच्याबद्दल एकीनंही विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

वर्तमानपत्रांनीही तेच केलं. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी फर्मान काढलं: परदेशातून कुशल कामगार एच-वन-बी व्हिसावर नव्याने आणायचा तर मालकाने एक लाख डॉलर भरायचे, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ८८ लाख रुपये. आधीच तिथे असलेल्यांना आणि नूतनीकरणाला हे लागू नाही, असा खुलासा दुसऱ्या दिवशी आला. पण तोवर आपल्याकडे 'आपल्या पोरांचं काय होणार' म्हणून आकांत सुरू झालेला होता. पोरं म्हणजे मुलगे, हे सांगायला नकोच.

मैत्रिणींनो, या व्हिसाची एक शेपटी आहे. तिचं नाव एच-फोर. कामगाराची बायको आणि मुलं या शेपटीला धरून जातात. कायद्याच्या भाषेत ती 'अवलंबित'. नवऱ्याचा व्हिसा संपला की तिचा संपला. घटस्फोट झाला की तिचा तिथे राहण्याचा हक्क संपला. पगाराचं काम करायची मुभा नाही, मग शिक्षण कितीही असो. नवऱ्याच्या पदवीला 'विशेष कौशल्य' म्हणायचं आणि त्याच कॉलेजातली, त्याच वर्गातली बायकोची पदवी विमानतळावर शून्य करायची, हा त्या कायद्याचा हिशेब. मारहाण होत असेल तर बाई जाणार कुठे? छळ होणाऱ्या अशा बायकांना कामाचा परवाना द्यावा असा कायदा तिथे २००६ च्या जानेवारीत झाला. प्रत्यक्ष अर्ज घेणं सुरू झालं २०१७ साली. अकरा वर्षं!

२०१५ च्या मे महिन्यात एक फट उघडली. ज्यांच्या नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण पुढच्या टप्प्याला पोचलंय अशा बायकांना कामाचा परवाना मिळू लागला. हा परवाना घेणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त बायका, आणि बहुतेक भारतीय. ती फटही २०१९ मध्ये बुजवायचा घाट घातला गेला, कोर्टकज्जे झाले, पण ती टिकली. आता ३० ऑक्टोबर २०२५ पासून मागच्या दाराने घाव घातला आहे. परवाना नूतनीकरणाला टाकला की निकाल लागेपर्यंत आपोआप मुदत वाढायची, ती सोय काढून घेतली. अर्ज सरकारी टेबलावर पडून राहिला तर बाईने नोकरी सोडून घरी बसायचं. लाख डॉलरच्या बातमीला पहिलं पान मिळालं, आणि हा निर्णय आतल्या पानांत शोधावा लागला.

आता कोणी म्हणेल, कुठे अमेरिकेतली मोटारवाली बाई आणि कुठे भूम-वाशीची फडातली बाई! आमच्या गटातही हे बोलणं झालं, आणि रागानं झालं. खरं आहे, दोघींचं दुःख एका तराजूत घालता येत नाही. शेजारच्या बीडमध्ये २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. अमेरिकेच्या बंद फ्लॅटमधल्या एकटेपणाला मी त्याच्या शेजारी बसवणार नाही.

पण दोघींना ज्या वहीत मांडलंय ती वही बघा. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल जोडीची, पण मुकादमासमोर बसून ती घेणार नवरा. ऊस तो तोडतो, ही मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, पहाटेच्या भाकरी तिच्याच, पोर तिच्याच काखेला. तिला स्वतंत्र हजेरी नाही, स्वतंत्र मजुरी नाही. बाळंत झाली, आजारी पडली, तर मात्र खाडा तिच्या नावाने लागतो! जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, संघटनांनी ती भांडून मिळवली, चांगलं झालं. ती कोणाच्या हातात पडली, हे कोणत्या करारात लिहिलंय? फडात बाई काम करते पण कामगार नाही. अमेरिकेत बाईला कामगार होऊच देत नाहीत, वर तिच्या घरकामाच्या जोरावर नवरा बारा-बारा तास कंपनीला देतो. आणि दोन्हीकडे तिचं नाव लागतं ते पुरुषाच्या नावामागे.

'कुशल' हा शब्दच मला खटकतो. डिसेंबर २०२५ मध्ये त्या व्हिसाच्या सोडतीचा नियम बदलला. आता ज्याचा पगार वरच्या पायरीचा त्याला सोडतीत जास्त संधी. म्हणजे कौशल्य मोजायचं माप पगार! बाळंतपणानंतर पुन्हा खालच्या पायरीपासून सुरुवात करणारी बाई या मापाने कायम कमीच कुशल ठरणार. आपल्याकडचं मापही निराळं नाही. डोक्यावर मोळी घेऊन हलत्या फळीवर तोल सांभाळणं 'अकुशल' आहे असं ज्यांनी ठरवलं, त्यांनी एकदा चढून दाखवावं.

राष्ट्राभिमानाने छाती बडवणाऱ्यांना माझा सवाल आहे. अमेरिकेशी व्यापाराच्या वाटाघाटी होतात, त्यात सोयाबीनचा विषय निघतो. तो निघायलाच हवा, आपल्या जिल्ह्याचं पोट त्यावर आहे. 'आमच्या हुशार तरुणांच्या' व्हिसाचा विषयही निघतो. एच-फोरवरच्या बाईला स्वतःच्या नावावर कामाचा आणि राहण्याचा हक्क द्या, हे कोण बोलणार? आणि राज्य सरकारने तिला स्वतंत्र कामगार म्हणून नोंदवावं, मजुरी तिच्या खात्यावर जमा व्हावी, ही फडातल्या बाईची मागणी त्याच निवेदनात का नको? आमच्या बैठकीत यावर मतभेद आहेत. काही जणींना वाटतं, अमेरिकेचं नाव घेतलं की आपल्या बायकांचा प्रश्न मागे पडेल. मला वाटतं, एकत्र मांडल्याशिवाय दोन्हीकडची वही उघडी पडत नाही. तुमच्या गटात यावर बोला आणि कळवा.

तोवर एक काम लगेच करता येईल. अमेरिकेचं स्थळ आलं की आपण मुलाचा पगार विचारतो. त्याबरोबर हेही विचारा, आणि मुलीसमोर विचारा: व्हिसा कोणता आहे, ग्रीन कार्डाचं प्रकरण कुठवर आलंय, तिला कामाचा परवाना कधी मिळेल, आणि तिचा पासपोर्ट कोणाच्या कपाटात राहील.