शाळेची इज्जत आणि मुलीचे शिक्षण

शिक्षकाविरुद्ध एखाद्या मुलीची तक्रार आली की पहिली बैठक भरते ती संस्थेच्या ऑफिसात. अध्यक्ष, सचिव आणि मोहल्ल्यातले दोन-चार वजनदार लोक जमतात. मुलीच्या वडिलांना चहा देऊन समजावले जाते, "भाई, उद्या तुमच्या लेकीचे लग्न व्हायचे आहे. बात इथेच मिटवू." शिक्षकाकडून माफीनामा लिहून घेतला जातो. महिनाभराने तो त्याच वर्गावर असतो, नाहीतर संस्थेच्या दुसऱ्या शाळेत. मुलीचे नाव मात्र हजेरीपटावरून गेलेले असते.

लोक याला समेट म्हणतात. लैंगिक छळाची तक्रार असेल, तर कायद्याच्या नजरेत हा गुन्हा आहे.

बुलडाणा जिल्ह्याला हे नव्याने सांगायची गरज पडू नये. नोव्हेंबर 2016 मध्ये खामगाव तालुक्यातील पाळा येथील आश्रमशाळेत आदिवासी मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघड झाले. मुख्य आरोपी शाळेतलाच सफाई कर्मचारी होता. पण अटक त्याच्या एकट्याची झाली नाही. संस्थेचे पदाधिकारी, मुख्याध्यापक आणि कर्मचारी यांनाही पोलिसांनी पकडले. विशेष तपास पथक नेमले गेले आणि शाळेची मान्यता रद्द झाली. मुली दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्या, तेव्हा बात बाहेर आली. शाळेच्या आवारात इतकी मोठी माणसे असताना मुलींना तोंड उघडण्यासाठी घर गाठावे लागले, याचा अर्थ आपण अजून लावलेला नाही.

बाळापूर तालुका खामगावला लागूनच आहे. तिथल्या काजीखेडच्या जिल्हा परिषद शाळेत ऑगस्ट 2024 मध्ये आठवीच्या मुलींना अश्लील व्हिडिओ दाखवल्याच्या आरोपावरून एका शिक्षकाला अटक झाली. तिथेही मदत आली ती बाहेरून, 1098 या बालमदत क्रमांकावरून. त्याच महिन्यात बदलापूर पेटले. तिथे वेळेत पोलिसांना न कळवल्याबद्दल संस्थेच्या अध्यक्ष आणि सचिवांवरही गुन्हा दाखल झाला.

तिन्ही ठिकाणी एकच धडा आहे. ज्या संस्थेची बदनामी होणार, तिनेच तक्रारीचा निकाल लावायचा नसतो. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार अशा गुन्ह्याची माहिती मिळणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला, तर कलम 21 प्रमाणे त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याच्या वसतिगृह प्रकरणात मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. 2 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि माहिती असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे स्पष्ट केले. डॉक्टरला सूट नाही, मग ट्रस्टीला कुठून मिळणार?

काही जण विचारतील, तक्रार खोटी असली तर? शिक्षकाचे आयुष्य बरबाद होईल. हा सवाल रास्त आहे आणि कायद्याने त्याचा विचार केलेला आहे. बदनामीच्या हेतूने खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला कलम 22 खाली शिक्षा आहे. शिवाय निर्दोष शिक्षकालाही पोलिस तपास आणि न्यायालयच बरी करू शकते. बंद खोलीतला माफीनामा दोषी माणसाला वाचवतो आणि निर्दोष माणसावर कायमचा डाग ठेवतो.

आता आपल्या घरातली बात. खामगाव, मलकापूर, शेगाव, चिखली, मेहकर इथल्या आपल्या संस्था वर्गणीतून, घामातून उभ्या राहिल्या आहेत. त्यामुळे "आधीच कौमची बदनामी कमी आहे का?" हे वाक्य आपल्याकडे फार लवकर येते. त्या वाक्याने आपण मुलीच्या तोंडावर हात ठेवतो. दुसरा हात वडिलांचा असतो. "बस झाली शाळा, घरी बस." गुन्हा शिक्षकाचा आणि दहावी बुडते मुलीची. तिच्याकडे पाहून गल्लीतल्या आणखी चार मुलींची सातवीतच शाळा सुटते. मुलींच्या तालीमसाठी जलसे घेणाऱ्यांनी ही गळती कधी मोजली आहे का?

मुलगी शाळेकडे सोपवलेली अमानत असते. अमानतीत खयानत झाली, तर ज्याच्या हवाली ती केली त्याने हिशोब द्यायचा असतो. खयानत लपवणाऱ्याला कोणी इज्जतदार म्हणत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. 10 मार्च 2022 च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती सांगितली आहे. आपल्या शाळेत ती कागदावर आहे की बैठका घेते, हे पालकांनी पुढच्या पालक सभेत विचारावे. तक्रारपेटीची चावी कोणाकडे आहे, तेही विचारावे. 1098 हा आकडा मराठीत आणि उर्दूत मुलींच्या वर्गाबाहेर रंगवावा. तक्रार आली की त्याच दिवशी पोलिसांना कळवावे, शिक्षकाला वर्गापासून दूर करावे आणि मुलीची एकही परीक्षा बुडू देऊ नये.

आणि ऑफिसातल्या त्या बैठकीचे बोलावणे आले, तर जाऊ नका. त्या वडिलांना सोबत घेऊन पोलिस ठाण्यात जा.