अडसर लागला, पण टिकला का?



आदिलाबाद जिल्ह्यातील एखाद्या गावी, शाळेत वा वाचनालयात, एकच संगणक असला म्हणजे त्यावर वीस मुलांचे हात फिरतात. एकाने पडद्यावरील पट्टी उडविली, दुसऱ्याने कळफलकाची भाषा बदलली, की शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयास आलेल्या तिसऱ्याचा दिवस व्यर्थ जातो. आणि अर्जाची मुदत काही त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणून जाणती मंडळी संगणकाच्या मांडणीला कुलूप घालतात. लिनक्स ह्या विनामूल्य प्रणालीत तशी सोय आहे. तथापि कधी कधी असे होते की, आज कुलूप घातले आणि उद्या पाहावे तो सारे मोकळे! ह्याचे कारण काय?

ह्या कामाचे एक साधन २००६ साली ग्नोम २.१४ ह्या आवृत्तीबरोबर आले. त्याचे नाव पेस्सुलस. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ दाराचा अडसर. हे साधन आपले नियम जीकॉन्फ नावाच्या नोंदवहीत लिहीत असे. पुढे २०११ साली ग्नोम ३ आले व डीकॉन्फ ही नवी वही रूढ झाली. आता जुने साधन चालविले, तरी ते जुन्याच वहीत लिहिते, आणि ग्नोमचा आजचा पडदा ती वही उघडीतच नाही. असे साधन सोडून देणे बरे.

दुसरे कारण अधिक खोल आहे. विहिरीवर कपडे धुऊ नयेत, असे आपण आपल्या घरच्या वहीत लिहिले, तर गाव ते कसे पाळणार? तो ठराव पंचायतीच्या पुस्तकातच चढला पाहिजे. संगणकातही प्रत्येकाची घरची वही निराळी व सर्वांची वही निराळी. सर्वांच्या वहीत लिहिण्याचा अधिकार केवळ रूट ह्या मुख्य कारभाऱ्यास असतो.

म्हणून क्रम असा ठेवावा. रूट होऊन 'ईटीसी' ह्या कप्प्यातील 'डीकॉन्फ/प्रोफाइल/युजर' ही फाइल पाहावी. तीत 'युजर-डीबी:युजर' व तिच्याखाली 'सिस्टिम-डीबी:लोकल' ह्या दोन ओळी इंग्रजी अक्षरांत हव्यात. दुसरी नसेल, तर सर्वांची वही वाचलीच जात नाही. मग 'डीकॉन्फ/डीबी/लोकल.डी' ह्या कप्प्यात नियम लिहावा, आणि त्यातीलच 'लॉक्स' कप्प्यात त्या नियमाचे नाव नोंदवावे. हे दुसरे काम राहिले, तर नियम ही नुसती सूचना ठरते. मूल ती सहज पालटते. शेवटी 'डीकॉन्फ अपडेट' ही आज्ञा द्यावी आणि मुलांच्या खात्यातून बाहेर पडून पुन्हा आत यावे. पुष्कळदा चूक ह्या शेवटच्या पायरीवरच होते.

ह्याउलट, एखाद्या मुलाची साधी निवडही टिकत नसेल, तर त्याच्या खात्यातील 'डीकॉन्फ' फाइलची मालकी तपासावी. कोणी रूट होऊन तेथे काम केले असल्यास ती फाइल रूटच्या नावे होऊन बसते. मालकी मुलास परत द्यावी. डिस्क भरली आहे काय, हेही पाहावे.

अखेरची गोष्ट. रूटचा परवलीचा शब्द एकट्याजवळ ठेवू नये. तो माणूस परगावी गेला की संगणक अडून बसतो. दोन विश्वासू माणसांना तो ठाऊक असावा. आणि कुलूप मांडणीपुरतेच घालावे. लिहिणे, चित्र काढणे, वाचणे ह्यांची दारे मुलांस उघडीच ठेवावीत. त्यासाठीच तर तो संगणक गावात आणला.