हौजिंगच्या तेलाची कंजुषी

चोपडा-शिरपूर पट्ट्यातली केळी भरून ट्रक आग्रा रस्त्याला लागतो, तेव्हा आपण टायर ठोकून पाहतो, ताडपत्री ओढतो. मागच्या हौजिंगमधल्या तेलाचे मात्र कोणी विचारीत नाही. पळासनेर सोडून बिजासनचा घाट चढताना सारा भार क्राऊन-पिनियनवर येतो. तिथे दात झडले की गाडी रस्त्यातच बसते आणि हिरवा माल उन्हात पिकू लागतो. नुकसान मालकाचे, तसे शेतकऱ्याचेही.

'तेल गळत नाही ना, मग कशाला बदलायचे?' अहो, न गळणारे तेलही दातांच्या झिजेने काळे होते; पाणी शिरले तर दुधासारखे दिसते. आणि गळते तेव्हा दोष दर वेळी पॅकिंगचा नसतो. ब्रीदर मातीने बुजला की आतला दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो. कपाशीच्या दिवसांत शेतरस्त्यांवर फिरलेल्या गाडीचा ब्रीदर तेवढा पाहाच.

बदलताना गाडी थोडी चालवून तेल गरम होऊ द्या. आधी वरचा भरायचा नट सुटतो का बघा, मगच खालचा काढा. नाहीतर गाडी तिथेच अडकायची. झाकणाचे जुने पॅकिंग खरवडून, तेलाचा अंशही पुसून घ्या. सिलिकॉन बचाबचा थापण्याची आपल्याकडची रीत वाईटच, जादाचे आत पडते. बोल्ट समोरासमोरचे आवळा. हायपॉइड दातांना इंजिनचे तेल चालत नाही. कंपनीने सांगितलेलेच गिअर ऑइल घाला.

आणि निघालेले काळे तेल नाल्यात ओतू नका, भाऊ. आपले नाले शेवटी तापीलाच मिळतात. डब्यात साठवून परवानाधारकाकडेच द्या.