गगनयानला उशीर होतोय? होऊ द्या!

'माणूस कशाला पाठवायचा? रोबोट पाठवा ना!' गगनयानचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. चांद्रयान-३ साधारण ६१५ कोटींत चंद्रावर उतरलं. गगनयानचा मंजूर खर्च, अंतराळ स्थानकाच्या पहिल्या भागासह, २०,१९३ कोटींवर गेलाय.

एवढा पैसा जातो कुठे? मुख्यतः माणसाला जिवंत परत आणण्यात. २०१९ मध्ये विक्रम लँडर आदळला, आपण हळहळलो, चुका शोधल्या आणि २०२३ मध्ये उतरलो. यानात माणूस असेल तर असा 'रीट्राय' नसतो. म्हणून श्वासाची हवा, पॅराशूट, रॉकेट बिघडलं तर कॅप्सूल दूर खेचणारी यंत्रणा, सगळं पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. २१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोटात याच यंत्रणेच्या चाचणीत कॉम्प्युटरने ५ सेकंद आधी काउंटडाउन थांबवलं. बिघाड शोधून त्याच सकाळी चाचणी यशस्वी झाली.

सॉफ्टवेअर लिहिणारा म्हणून मला ते थांबणंच जास्त आवडलं. माणूस पाठवावाच, असं माझं मत आहे. हे तंत्र उसनं मिळत नाही. पण २०२२ चं टार्गेट हुकलं म्हणून घाई नको. 'कधी उडणार?' यापेक्षा 'किती चाचण्या पास झाल्या?' हे विचारूया.