'कंपनी वेगळी, औषध तेच' हे मला वाचून दाखवा

औषधांच्या बाबतीत तीन वाक्यांची मला चीड येते. पहिलं मेडिकलवाल्याचं: 'कंपनी वेगळी आहे, औषध तेच.' दुसरं शेजाऱ्यांचं: 'आपलं ओळखीचं मेडिकल आहे.' तिसरं घरातल्या मोठ्यांचं: 'इतना क्या देखती है, शिफा देनेवाला अल्लाह है.' तिन्ही वाक्यं गोड आहेत आणि तिन्हींचा परिणाम एकच होतो. पिशवीत काय आलंय ते न पाहता गोळी पोटात जाते.

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू. कंपनी वेगळी आणि औषध तेच, असं असू शकतं. जेनेरिक औषधं याच तत्त्वावर चालतात आणि गरिबाने ती जरूर घ्यावीत. पण 'तेच' आहे हे ठरवायचं कशावरून? पाकिटावर छापलेल्या औषधाच्या मूळ नावावरून. कंपनीने ठेवलेलं नाव फसवं असू शकतं. फाल्सिगो आणि फाल्सिटॅब ही दोन्ही मलेरियाचीच औषधं. पण एकात आर्टेसुनेट, दुसऱ्यात मेफ्लोक्विन. या नावांचं भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. इतर मालापेक्षा औषधांच्या नावांना कडक कसोटी लावली पाहिजे, कारण इथला गोंधळ जिवावर बेतू शकतो, असं न्यायालयाने 2001 साली बजावलं. अनेक भाषांच्या या देशात माणूस नाव कसं वाचेल, याचाही विचार करायला सांगितलं.

इंग्लंडमधलं एक प्रकरण तर अंगावर काटा आणतं. डॉक्टरने अमॉक्सिल हे अँटिबायोटिक लिहिलं होतं. अक्षर गिचमिड होतं. फार्मासिस्टने डाओनिल वाचलं आणि तेच दिलं. डाओनिल ही साखर उतरवणारी गोळी, आणि रुग्णाला मधुमेह नव्हता. साखर इतकी घसरली की त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. भरपाईची 25 टक्के जबाबदारी डॉक्टरवर आणि 75 टक्के फार्मासिस्टवर टाकली गेली. 1989 साली वरच्या न्यायालयानेही ते कायम ठेवलं. फार्मासिस्टचा वाटा मोठा, कारण डोस पाहून त्याला शंका यायला हवी होती.

आपल्याकडे डॉक्टरांनी मूळ नावाने, वाचता येईल असं आणि शक्यतो इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावं, असा नियम 2016 पासून आहे. तुमच्या घरातली शेवटची चिठ्ठी काढा आणि स्वतःच ठरवा.

नाव बरोबर असलं तरी काम संपत नाही. माझ्या नानीची थायरॉइडची गोळी 25 मायक्रोग्रॅमची आहे. एकदा काउंटरवर मला जी बाटली मिळाली तिच्यावर 125 लिहिलं होतं. नाव तेच, कंपनीही तीच. मी परत केली तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, 'ताई, तुम्ही फारच बारीक बघता.' एका आकड्यामागे पाचपट डोस होता. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या हृदयाने तो किती दिवस सोसला असता?

कधी कधी तर नाव आणि ताकद दोन्ही बरोबर असतात आणि चूक वेळेत होते. मेथोट्रेक्सेट ही गोळी संधिवात आणि सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. पाकिटावर चुकून 'रोज एक' लिहिलं गेलं तर रक्तपेशी तयार होणं बंद पडून माणूस दगावू शकतो. इन्सुलिनचंही तसंच. आपल्याकडे बहुतेक बाटल्या 40 युनिटच्या असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची. 100 युनिटच्या इन्सुलिनसाठी नारिंगी टोपणाची. 100 चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 10 च्या खुणेपर्यंत भरलं, की अंगात 25 युनिट जातात.

आता ओळखीच्या मेडिकलबद्दल. ओळख कुणाशी आहे? गल्ल्यावर बसलेल्या मालकाशी. औषध काढून देतो तो बारावी झालेला, आपल्याच मोहल्ल्यातला पोरगा. त्याच्याशी माझं भांडण नाही. कमी पगारात तो बारा तास उभा असतो. माझं भांडण भिंतीवरच्या त्या चौकटीशी आहे, जिच्यात फार्मासिस्टचं प्रमाणपत्र लटकतं आणि फार्मासिस्ट कधीच दिसत नाही. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली द्यावं, हे 1945 च्या नियमांत लिहिलेलं आहे. 2015 च्या नियमांनी रुग्णाला औषध समजावून सांगणं हेही त्याचं काम ठरवलं. महेश झगडे राज्याचे अन्न व औषध प्रशासन आयुक्त असताना हा नियम खरोखर राबवायला निघाले, तर विक्रेत्यांच्या संघटनेने दुकानं बंद ठेवण्याची हाक दिली. दुकानात फार्मासिस्ट हजर हवा एवढी साधी मागणीही ज्या धंद्याला जाच वाटते, त्याच्यावर नुसत्या ओळखीने भरोसा ठेवायचा?

राहिलं तिसरं वाक्य, जे बोलायला सगळ्यात अवघड. शिफा अल्लाहकडून येते यावर माझा वाद नाही. पण आधी उंट बांधावा आणि मग तवक्कुल करावं, हे लहानपणी आपण सगळ्यांनीच ऐकलंय. चिठ्ठीवर 25 आणि बाटलीवर 125 असेल, तर तो फरक वाचायला दिलेले डोळे आपलेच आहेत. ते मिटून घेऊन नंतर 'अल्लाह की मर्जी' म्हणणं हा विक्रेत्याला मिळालेला फुकटचा माफीनामा आहे. रमजानमध्ये दुपारची गोळी कुणालाही न विचारता सहरीला ढकलणारे आपणच असतो. तेही डॉक्टरला विचारूनच ठरवायला हवं.

हे मी तरुणांना का सांगते? कारण पाकिटावरचा मजकूर मुख्यतः इंग्रजीत असतो. गोळ्या खातात अम्मी, नानी, दादा, आणि वाचता येतं आपल्याला. घरातलं ते वाचन आपल्या वाट्याला आलंय. त्याला दोन मिनिटं लागतात. काउंटर सोडण्याआधी चिठ्ठी आणि पाकीट शेजारी धरा. मूळ नाव, ताकद, दिवसातून किती वेळा, मुदतीची तारीख पाहा. पट्टी कापून देत असतील तर नाव आणि तारीख असलेला भाग मागा. सुट्या गोळ्या कागदी पाकिटात आल्या तर पाकिटावर नाव लिहून घ्या. 1 ऑगस्ट 2023 पासून ठरावीक 300 ब्रँडांवर क्यूआर कोड बंधनकारक आहे. रील बघणारा फोन तोही वाचतो. गोळीचा रंग किंवा आकार बदलला असेल तर विचारल्याशिवाय घरी नेऊ नका. आणि शंका आली म्हणून औषध आपल्या मनाने बंदही करू नका, डॉक्टरला फोन करा.

मात्र आपण तपासतो म्हणून विक्रेत्याची जबाबदारी संपत नाही. पक्कं बिल मागा, कारण बिलाशिवाय तक्रारीला आधार नाही. 'फार्मासिस्ट कुठे आहेत?' हे मोठ्याने विचारा. उत्तर मिळालं नाही तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. आपल्या वस्तीतली पोरं रक्तदान शिबिरं भरवतात, रेशन वाटतात. महिन्यातून एक रविवार मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांच्या औषधांच्या पिशव्या चिठ्ठीशी ताडून बघायला काय हरकत आहे?

लोक म्हणतील, पोरगी चार बुकं शिकली आणि सगळ्यांवर शक घेऊ लागली. म्हणू देत. प्रश्न विचारल्याने कुणाची इज्जत जात नाही. न विचारल्याने नानी जाऊ शकते.